केडगाव : एक राहून गेलेला प्रवास

मला ठाऊक असलेली केडगावे दोन. एक नगरला खेटून आणि दुसरे पुणे-दौंड लोहमार्गावर. मला जायचे होते ते दुसरे. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी धरावी. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी स्टेशने मोजत बसावे. पंचावन्न-साठ किलोमीटरांवर केडगाव येते. अंतर असे किती ते? पण तेवढे तोडायला आमच्या घराण्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. ती हकीकत पुढे येईलच.

या स्टेशनावर उतरणारी माणसे तीन प्रकारची. पहिली कांद्याच्या आणि गुळाच्या धंद्यातली. कालव्याच्या पाण्यामुळे हा मुलूख आता उसाचा झाला आहे आणि गुऱ्हाळांचा गोडसर धूर गाडीच्या खिडकीतूनच नाकात शिरतो. दुसरी बेटावरच्या दत्तमंदिराची, नारायणमहाराजांची भक्तमंडळी. आणि तिसरी माझ्यासारखी. बाहेर रिक्षावाल्याने एका दमात विचारले, "बेट का मिशन?"

"मिशन," मी म्हणाले, आणि माझे मलाच हसू आले. आवाज आपोआप खाली गेला होता. आमच्या घरात हा शब्द नेहमी असाच, दारातल्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने उच्चारला जाई.

त्याचे कारण माझ्या आजीची आत्या. मी तिला पाहिलेले नाही. माझ्या जन्माआधीच ती गेली. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरे. तिच्या वडिलांना, म्हणजे आजीच्या आजोबांना, काय सुबुद्धी सुचली कोण जाणे, त्यांनी तिला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात नेऊन घातले. सदन तेव्हा पुण्यात होते. ते ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ उघडले आणि पुढल्याच वर्षी पुण्याला आले. पोर वर्षभर तिथे राहिली, वाचायला शिकली, हिशेब शिकली, आणि आजीच्या शब्दांत सांगायचे तर "हसायला शिकली". मग १८९३ साल उजाडले. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा बोभाटा झाला. केसरीने रान उठवले. रानडे आणि भांडारकर सल्लागार म्हणून बसले होते, ते बाहेर पडले. पालक धावत आले आणि मुलींना घेऊन गेले. त्यांत आमचे आजोबाही होते. घरात या प्रसंगाला एक ठरलेला शब्द होता : आत्याला "सोडवून आणली".

पुढची साठेक वर्षे आत्याने सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, माजघर आणि कोठीची खोली यांच्या दरम्यान काढली. लाल आलवण, महिन्याकाठी न्हावी, पापड आणि सांडगे. आजी सांगे, की वाड्यातल्या बायका दुपारी गुपचूप तिच्याकडून पत्रे लिहून घेत. अक्षर टपोरे होते म्हणतात. तर तिला कशातून सोडवून आणली, ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच माझ्या प्रवासाचा हेतू. तरुणपणापासून घोकत होते. सत्तरी उलटल्यावर निघाले.

आता रमाबाईंविषयी. नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्या नावामागची पायपीट सहसा कुणाला ठाऊक नसते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामुळाच्या रानात जन्मली. शास्त्रीबुवांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचे पाप केले होते. सगळे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. दुष्काळाने गाठले, वडील गेले, मागोमाग आई गेली, बहीण गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी पडे म्हणून तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. पुढे झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ नये म्हणून बहीणभावांनी वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि लिहिले आहे तेही हुंदका न देता.

मग कलकत्ता, १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी दिलेली पंडिता आणि सरस्वती या पदव्या, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य, कडेवर मनोरमा, पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड. तिथे वाँटेजच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात भूकंप झाला म्हणा ना! पण मला खरी गंमत वाटते ती त्यानंतरची. या बाई तिथल्या गोऱ्या जोगिणींशी आणि पाद्र्यांशी पत्रांतून असा काही वाद घालतात, की वाचताना आपणच बिचकावे. ख्रिस्त मान्य, पण तुमच्या धर्मगुरूंची प्रत्येक आज्ञा मान्य नाही, हा त्यांचा बाणा. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा सवाल. आयुष्यभर शाकाहार सोडला नाही. ही पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापून आली आहेत. ज्यांना रमाबाई म्हणजे मिशनच्या हातचे बाहुले वाटतात, त्यांनी ती अवश्य काढून वाचावीत.

केडगावची जमीन त्यांनी घेतली ती फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, परक्यांच्या देणग्यांवर नव्हे, असा व्यवहारी विचार. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला आणि बाईंच्या पोटात वाळूचे ते खड्डे पुन्हा जागे झाले असावेत. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांतल्या एकट्या पोरींभोवती कसली माणसे घिरट्या घालतात ते त्यांनी पाहिले आणि सुमारे तीनशे बायका-मुली आगगाडीने घेऊन आल्या. इतक्या जणींना पुण्यात ठेवायची सोय नव्हती. प्लेगाचे दिवस होते. तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे १९०० साली गुजरातच्या छप्पनच्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या. कुणाच्या डोक्यात उवा, कुणाच्या अंगावर फोड, कुणी शेजारणीच्या ताटातले ओरबाडून खाणारी. दीड हजार तोंडे आणि एक बाई. त्याच सुमारास, १८९७ मध्ये, पुण्याच्या प्लेग-छावणीत बायकांना जी वागणूक मिळे तिच्याविरुद्ध त्यांनी बॉम्बे गार्डियन पत्रात उघड लिहिले. गव्हर्नरसाहेब रागावले, पण बाईंनी शब्द मागे घेतला नाही. आपल्याच धर्माच्या राज्यकर्त्यांना असे सुनावणे त्या काळी सोपे नव्हते.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगते. पुण्याचे शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते; केडगावचे मुक्ती सदन मात्र उघडउघड ख्रिस्ती होते आणि इथे शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. भुकेल्या पोरीला भाकरीबरोबर धर्म मिळाला, तर तो तिने घेतला का तिला तो दिला गेला? माझ्यासारख्या सनातनी घरातल्या बाईला हा प्रश्न सुटत नाही, आणि केडगावात चार तास घालवून तो सुटावा अशी अपेक्षाही नाही. १८९३ चे ते धास्तावलेले बाप मला पुरते खलनायक वाटत नाहीत. पण त्यांच्यापैकी कुणी मध्यप्रांतात गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

रिक्षा फाटकाशी थांबली. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती सावली. मोठाली झाडे, दगडी इमारती आणि मध्ये भव्य दगडी मंदिर. देवळाला इथे मंदिरच म्हणतात. आत शिरताना मी सवयीने चपला बाहेर काढल्या. बरोबरच्या बाईंनी पाहिले आणि त्यांनीही आपल्या काढल्या. बोलल्या काही नाहीत.

मुलींना इथे मोठ्या दालनात एका रांगेत झोपवत नाहीत. छोटी छोटी घरे आहेत. एकेका घरात लहानमोठ्या मुली आणि त्यांची एक आई. मला ज्या घरात नेले तिथल्या आईंचे वय साठीच्या आसपास. "सलाम बाई, बसा," म्हणाल्या आणि हातातले काम चालूच ठेवले. काम असे : मांडीवर आठनऊ वर्षांची एक मुलगी, मान न धरणारी, आणि बाई तिला मऊ भात भरवत होत्या. एक घास, मग हनुवटी वर करायची, गळ्यावरून बोट फिरवायचे, गिळला का पाहायचे, तोंड पुसायचे, मग दुसरा घास. मी घड्याळ पाहिले नाही, पण मधल्या वेळात मला चहा आला, पिऊन झाला, कप गेला, आणि वाटीत निम्मा भात होताच.

"दिवसातून किती वेळा?" मी विचारले.

"चार. रात्री उठली तर पाच."

बाई स्वतः इथल्याच. "आठ दिवसांची होते म्हणे मी आले तेव्हा. वाढदिवस ठाऊक नाही, म्हणून आल्याचीच तारीख धरतात." नर्सिंगचे थोडे शिकल्या, बाहेर नोकरी मिळत होती, गेल्या नाहीत. का, असे मी विचारले. त्यांनी असे पाहिले, की जणू भाजीत मीठ का घालता असे मी विचारले होते. मग म्हणाल्या, "हिला कोण भरवणार?" या उत्तरात थोडी लबाडी होती; ही मुलगी तर अलीकडची. पण तेव्हा दुसरी कुणी असणार, आणि त्याआधी आणखी कुणी.

मुलीला एकदा फिट्स येऊ लागल्या तेव्हा त्या तिला शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. तिथला कारकून म्हणाला, आईचे नाव सांगा. यांनी स्वतःचे सांगितले. तो म्हणाला, जन्मदातीचे. या म्हणाल्या, ती नाही. तो म्हणाला, मग रकाना रिकामा सोडावा लागेल. "मी म्हटलं, दादा, रकाना रिकामा सोडायचा नाही. माझं नाव घाला, नाहीतर इथून हलणार नाही. रांग लागली होती मागं. मला फार भ्या वाटत होतं हो, पाय लटपटत होते. पण हलले नाही." कारकुनाने शेवटी नाव घातले. हे सांगताना बाई खुदकन हसल्या आणि मांडीवरची मुलगीही, काही न समजता, मोठ्याने हसली. भात सांडला. पुन्हा पुसणे आले.

एका खोलीत जुन्या वस्तू दाखवल्या. इथला छापखाना मला फार पाहायचा होता. रमाबाईंनी अखेरची सतरा-अठरा वर्षे बायबलाच्या भाषांतराला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, एकटीने. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पाने बांधणाऱ्या सगळ्या इथल्याच बायका. दुष्काळातून आलेल्या, हाती पाटी धरायला इथेच शिकलेल्या. जिला म्हणे भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते, ती विदुषी आता शब्दाशब्दांतून संस्कृत वेचून काढत होती, का तर शेतावरच्या बाईला वाचता यावे. लेक मनोरमा हाताशी आली होती, तीही जुलै १९२१ मध्ये गेली. आईने पुढची मुद्रिते तपासायला घेतली. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ रोजी, झोपेतच प्राण गेला, असे इथे सांगतात. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आणि एक, आत्याशी संबंधित. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिचे ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे त्या गडबडीच्याच वर्षी, धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. हिंगण्याच्या बायकांची बाया कर्वे ती हीच. ती हिंदूच राहिली. आमची आत्या तिच्याबरोबर एकाच पंगतीला जेवली असेल. मी हा विचार आजवर मुद्दामच पुरा केला नव्हता.

निघताना व्हरांड्यात एक म्हाताऱ्या अंध आजी वेताची खुर्ची विणत बसल्या होत्या. पाहुणी कोण, कुठली, त्यांनी बोटे न थांबवता विचारले. मी त्यांना आत्याची हकीकत सांगितली. का, ते माहीत नाही. घराबाहेर ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

"नेली का परत? अरेरे," आजी म्हणाल्या. "नाव काय तिचं? रात्री प्रार्थनेत घेते."

मी तोंड उघडले आणि मिटले. आत्याचे नाव मला ठाऊक नव्हते. माहेरचे नाही, सासरचे नाही. आजी तिला आत्याच म्हणे, वाड्यातल्या बायका सोवळ्या आत्या म्हणत. आता विचारावे असे घरात माझ्याहून मोठे कुणी उरलेले नाही.

आजींचे वेत क्षणभर थांबले. "बरं, राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुण्याची लेक म्हणते मी. लिहिणारी."

परतीच्या गाडीला उशीर होता. फलाटाच्या बाकावर बसून राहिले. शेजारी कांद्याच्या गोण्या रचल्या होत्या आणि एक माणूस त्यांतल्या एकीवर डोके ठेवून निवांत झोपला होता. मिशनच्या बाजूने संध्याकाळची घंटा झाली. पिशवीतून कागद काढून मी त्या घरातल्या आईंचे नाव लिहून ठेवले, मुलीचे लिहिले, वेतवाल्या आजींचे लिहिले. गाडी आली तेव्हा अंधार पडला होता.