बारा हजारांचा कॉस्च्युम, बदलापूरचा पूल

पावसाळा आला की ऑफिसच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज येतो. 'बदलापूर, फार्महाऊस, विथ पूल. कोण कोण येतंय?' 'मी' म्हणायला दोन सेकंद लागतात. खरा प्रॉब्लेम त्यानंतर सुरू होतो. घालायचं काय? जुना टी-शर्ट आणि लेगिंग्ज म्हणाल, तर पूलच्या काठावर पाटी ठरलेली : 'नायलॉन कॉस्च्युम कंपल्सरी'. (सुती कपड्यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि रंगही सुटतो, म्हणून.) मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि नेमका समोर येतो तो डिझायनर स्विमसूट. किंमत बारा हजार! मॉडेल मालदीवच्या वाळूवर आणि आपण सेकंड क्लासच्या चौथ्या सीटवर.

घ्यावा का? उत्तर बदलापूरच्याच लाइनवर आहे, फक्त दोन स्टेशनं आधी उतरायचं.

उल्हासनगर! फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले, 1949 साली त्या छावणीचं हे नाव झालं, आणि आजही इथे पत्ता सांगताना कॅम्पचा नंबरच सांगतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जोक तुम्ही ऐकलेला असणारच. जोक जुना झालाय, पण या गावाला कपडा आतून कळतो हे मात्र खरं. एका छोट्या दुकानात मी दोन कॉस्च्युम समोर ठेवून 'चांगला कुठला?' असं विचारलं, तर काउंटरवरच्या आंटींनी किंमत, ब्रँड काहीच सांगितलं नाही. म्हणाल्या, "पहले उलटा करके देखो."

आणि खरंच, सगळी गोष्ट आतल्या बाजूलाच असते. पुढच्या भागाला पूर्ण अस्तर आहे की फक्त एक पट्टी? शिवण ताणली की धागा कटकन तुटतो की सोबत ताणला जातो? कापड दोन्ही हातांनी ताणून ट्यूबलाइटसमोर धरा. आता बोटं दिसत असतील तर ओलं झाल्यावर काय दिसेल याचा विचार दुकानातच केलेला बरा. फिक्या रंगांच्या बाबतीत तर नक्कीच.

आता बारा हजारांचं बोलू. बहुतेक स्विमसूट म्हणजे नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि त्यात थोडं इलॅस्टेन, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो. पूलमधलं क्लोरीन हे इलॅस्टेन हळूहळू खातं. कॉस्च्युम सैल पडतो, बसल्यावर मागे फुगा येतो तो यामुळेच. क्लोरीन लेबल वाचत नाही हो! उलट मणी, जर, नाजूक प्रिंट असलेल्या महागड्या तुकड्यांच्या आत बऱ्याचदा 'क्लोरीनपासून जपा' अशीच सूचना असते. म्हणजे पोहण्याचा पोशाख, पण पोहू नका. याउलट रोज पोहणाऱ्यांसाठी स्पोर्ट्स कंपन्या पीबीटी नावाच्या पॉलिएस्टरचे कॉस्च्युम काढतात. दिसायला शाळेच्या युनिफॉर्मसारखे, पण क्लोरीनपुढे खूप जास्त टिकतात आणि डिझायनर किमतीच्या पासंगालाही नसतात.

हिशोब साधा आहे. वर्षाला चार फार्महाऊस धरले तर तीन वर्षांत बारा डुबक्या होतात. बारा हजारांचा सूट एका डुबकीला हजार रुपये, बाराशेचा शंभर. डिझायनरचा कट सुरेख असतो, प्रिंट दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसत नाही, छातीला खरा आधार देणारी शिवण असते. हनिमूनला गोव्याला जाताना मैत्रिणीने तो घेतला तर मी नाक मुरडणार नाही. बदलापूरच्या क्लोरीनसाठी मात्र नाही.

पण 'मग स्वस्तातला घ्या, फाटला की दुसरा' हाही फंडा मला पटत नाही, आणि त्याचं कारण पुढच्याच स्टेशनवर आहे. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. भिंतींवरचं कोरीव काम बघत तासन् तास जातात. मंदिराला लागूनच वालधुनी नदी वाहते, हीच पुढे उल्हासनगरातून जाते. कारखान्यांचं सांडपाणी आणि जीन्स धुण्या-रंगवण्याच्या युनिट्सचं पाणी इतकी वर्षं तिच्यात गेलं, की नदीचा रंग बदलणं ही इथे बातमी राहिली नाही. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावरून 2015 साली हरित लवादाने 95 कोटींचा दंड ठोठावला, जीन्स वॉशवर कारवाई झाली. स्वस्त कपड्याची उरलेली किंमत अशी नदीने भरली. देवळाच्या दारातल्या नदीत पाय बुडवायची सोय नाही, म्हणून आपण पुढच्या स्टेशनवर पैसे भरून निळ्या टाइल्सच्या पाण्यात उतरतो.

तिथे एकदा काठावर बसून नुसतं बघा. पुरुषमंडळी धपाधप उड्या मारतात. मुली पायऱ्यांवर, पाणी गुडघ्यापर्यंत, अंगावर टॉवेल. विचारलं की उत्तर येतं, 'कॉस्च्युम नाहीये गं'. बऱ्याच जणींच्या बॅगेत तो असतो. अडतं ते दोन गोष्टींवर : सगळ्या ऑफिससमोर कसं दिसेल, आणि पोहताच येत नाही. पहिलीवर गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा, नीट मापाचा कॉस्च्युम हा उपाय आहे आणि तो बाराशे-पंधराशेत मिळतो. मापाच्या बाबतीत मात्र कंजुषी नको, ट्रायल घेऊन, दोनदा वाकून, हात वर करून बघा.

दुसरीवर उपाय क्लासचा. वाचलेल्या दहा हजारांतली पहिली रक्कम मी तिथेच घातली असती, आणि ही गंमत नाही. हा सगळा पट्टा पाण्याचा आहे. कोंडेश्वरच्या धबधब्यावर पावसाळ्यात बुडून माणसं जातात. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. पुरात पोहता येऊन सगळं सुटतं असं नाही, पण पाण्याला घाबरून हातपाय गोठणं तरी टळतं.

कॉस्च्युम टिकवायचा तर पूलमध्ये उतरण्याआधी साध्या पाण्याचा शॉवर घ्या, ओलं कापड क्लोरीनचं पाणी कमी पितं. बाहेर आल्यावर लगेच धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. आणि फोटोत डिझायनर दिसायचंच असेल तर उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये दीड मीटर प्रिंटेड जॉर्जेट घ्या, कमरेला गाठ मारा. कुणी ब्रँड विचारला तर सांगा, यूएसए.