पंचांगातले शेजारी

आमच्या खाडीकाठच्या घरात पंचांग देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला सुतळीनं टांगलेलं असे. आजीला वाचता येत नव्हतं. रोज सकाळी ती आम्हा पोरांपैकी कुणाला तरी धरून तिथी विचारायची आणि मग तिचा हिशेब सुरू व्हायचा. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे तिसऱ्या (शिंपल्या) काढायला चिखलात कधी उतरायचं ते ठरलं. पावकी-निमकी न शिकलेली ही बाई पाऊणकी मात्र तोंडच्या तोंडी करायची.

बाकीचंही ती त्याच तिथीवरून ठरवायची. एकादशीला उपास, अमावास्येला प्रवास नाही, नव्या कामाला हात नाही. खाडीचं गणित रोज पाण्यावर तपासलं जायचं. अमावास्येचं कधी तपासलं गेलं नाही, कारण त्या दिवशी कुणी प्रवासाला निघतच नसे.

वडील प्राथमिक शिक्षक आणि कडवे नास्तिक. देव्हाऱ्याकडे त्यांची पाठ असायची. आजीच्या उपासांची ते थट्टा करत आणि तिला भोळी म्हणत. तेच वडील आपल्या पक्षाच्या पुढाऱ्याच्या भाषणातला शब्दन् शब्द खरा मानत. त्याबद्दल कुणी शंका काढली की ताटावरून उठून जात. आजी तेव्हा काही बोलत नसे, फक्त त्यांचं ताट झाकून ठेवायची.

पुढे पुण्यात गणित शिकायला आलो आणि पंचांग वेगळ्या बाजूनं भेटलं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या, कोटिज्या (साइन, कोसाइन) यांची किचकट आकडेमोड टाळून ग्रहांची स्थानं काढण्याची रीत त्यांनी बसवली. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं तिच्यावर चालली. हे गृहस्थ मुहूर्तांवरही लिहीत होते. ज्या डोक्यातून ती गणिताची युक्ती निघाली, त्याच डोक्यात शुभ-अशुभही मुक्कामाला होतं.

पण गणित कितीही चतुर असलं तरी काळाबरोबर चूक साठत जाते. एकोणिसाव्या शतकात पंचांगातलं आकाश आणि डोक्यावरचं आकाश यांचा मेळ बसेना. तेव्हा गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग सुरू केलं. त्यांचे डेक्कन कॉलेजातले विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी तो आग्रह पुढे नेला. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत अधिक महिना आणि त्यामागून येणारे सण कधी कधी इतरांपेक्षा महिनाभर वेगळे पडतात, ते त्या वादामुळे. ही माणसं श्रद्धाळू होती. ग्रंथ आणि आकाश यांचं पटेनासं झालं तेव्हा त्यांनी आकाशाचं ऐकलं. पंचांगकर्त्यांचा त्यासाठीचा शब्द आहे दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना पटेल ते खरं.

आता दुसरी बाजू. 1952 मध्ये केंद्र सरकारनं पंचांग सुधारणा समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते मेघनाद साहा. ताऱ्यांच्या वातावरणाचं भौतिकशास्त्र मांडणारा हा माणूस नास्तिक. त्यांच्या समितीच्या कामातून 1957 मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका आली, आणि सरकारी राष्ट्रीय पंचांगात तिथी-नक्षत्रांबरोबर सणवारही छापले जाऊ लागले. श्रद्धाळूंची एकादशी नेमक्या गणितावर बसवायला एका नास्तिकानं हात लावला.

नोकरीत माझ्या शेजारच्या खोलीत संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक बसायचे. नमुना लहान घेतला म्हणून विद्यार्थ्याचा अख्खा प्रकल्प परत करणारे. 2008 मध्ये जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारानं ज्योतिषाची चाचणी झाली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या जमवल्या होत्या. त्यातल्या चाळीस-चाळीस ज्योतिष्यांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिष्यांची उत्तरं आली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवूनही पन्नासच्या आसपास जमलं असतं. आमच्या प्राध्यापकांनी सगळी आकडेमोड स्वतः करून पाहिली आणि चाचणी चोख आहे असं सांगितलं. त्याच वर्षी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त त्यांनी पंचांगातून काढला.

मी विचारलं तेव्हा ते हसले. “मुहूर्तानं संसार टिकतो असं मी कुठं म्हणतोय? आईला बरं वाटतं, आणि पाहुणे एका वेळेला मांडवात असतात. तेवढं पुरे.”

माणसाची श्रद्धा पाहून त्याचं डोकं जोखता येतं का, याचा शोध परदेशातही घेतला गेला आहे. मानसशास्त्रज्ञ मिरन झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये असे 63 अभ्यास एकत्र तपासले. बहुतेकांत धार्मिकता आणि बुद्ध्यांक यांचं नातं उलटं दिसलं, पण ते सौम्य होतं. हजारोंच्या गर्दीची सरासरी त्यानं किंचित हलते. समोरच्या एका माणसाबद्दल मात्र त्यावरून काही सांगता येत नाही. शिवाय बुद्ध्यांकाच्या बऱ्याच चाचण्यांना बसायला अक्षरओळख लागते. आजीला अशा चाचणीत किती गुण पडले असते?

पंचांगाचं पान उघडलं की सूर्योदयाच्या वेळेशेजारीच शुभ-अशुभाचा शेरा असतो. एक रकाना तपासून घेतलेला, दुसरा ऐकून घेतलेला. बहुतेक डोक्यांचंही तसंच असतं. माझ्या वडिलांचं होतं, प्राध्यापकांचं होतं, माझंही असणार. माणसाच्या श्रद्धेवरून तो कुठल्या घरात वाढला, कुणाला दुखवायला कचरतो, कशाला भितो, हे बऱ्यापैकी कळतं. त्याची बुद्धी कळायची तर पाणी त्याच्या हिशेबाप्रमाणे चढलं नाही त्या दिवशी तो काय करतो ते पाहावं लागतं. हिशेब दुरुस्त करतो, की पाण्याला दोष देतो? म्हणून कुणी देवळात जाणाऱ्याला मूर्ख किंवा न जाणाऱ्याला शहाणा ठरवू लागला की मी त्यालाच विचारतो, “तुझं एखादं मत अलीकडे कधी बदललं, आणि कशामुळे?”