क्लिअर लेकची हिवाळी जत्रा

माघ महिना लागला की धारवाड-बेळगावकडून उळवीच्या वाटेला चक्कडी गाड्या लागतात. आपल्या जोयडा तालुक्यातल्या जंगलात बैलांच्या घुंगरांचा आवाज घुमायला लागतो. बाराव्या शतकात कल्याणात उलथापालथ झाली, तेव्हा शरणांना घेऊन निघालेले चन्नबसवण्णा अखेर उळवीला पोहोचले आणि तिथंच त्यांची समाधी झाली. घरापासून दूर, भर रानात एका माणसाची यात्रा संपली आणि त्या जागी शेकडो वर्षांनंतरही थंडीच्या दिवसांत माणसं जमतात. आपल्याला याची इतकी सवय आहे की त्यात नवल असं काही वाटत नाही.

याच सुमारास, पृथ्वीच्या पार पलीकडे, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात क्लिअर लेक नावाच्या लहानशा गावात आणखी एक जत्रा भरते. तिथं देव नाही, रथ नाही. तिथं आहेत गिटार, ड्रम आणि लाकडी फरशीवर नाचणारी म्हातारी माणसं. तीन तरुण गायक आणि एक वैमानिक १९५९ साली या गावाजवळ विमान अपघातात गेले. त्यांच्या आठवणीची ही जत्रा. तिचं नाव 'विंटर डान्स पार्टी'.

२०१९ च्या हिवाळ्यात आईला घेऊन मी धाकट्या बहिणीकडे मिनियापोलिसला गेले होते. जानेवारीच्या अखेरीस तिथं इतकी थंडी पडली की पारा शून्याखाली ३३ अंशांपर्यंत उतरला. जोयड्याच्या थंडीत शेकोटीशी बसणारी आमची आई तीन दिवस खिडकीपाशीसुद्धा गेली नाही. मग दोन दिवसांत हवा अचानक निवळली. बहिणीच्या यजमानांना जुन्या गाण्यांचा भारी नाद. त्यांनी शनिवारची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. बहीण लेकराला घेऊन घरी थांबली आणि आम्ही तिघं दक्षिणेला निघालो. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. दोन्ही बाजूंना बर्फाखाली झोपलेली मक्याची शेतं, दुसरं काही नाही.

वाटेत आईनं विचारलं, "ही रॉक अँड रोल म्हणजे नेमकी कसली गाणी?" जावयांनी उत्तर शोधायच्या आत मीच म्हटलं, "आई, तू 'ईना मीना डीका' ऐकलंयस ना? त्याच जातीची." १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं हे गाणं आपल्या मराठी सी. रामचंद्रांचं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज आणि गोऱ्या खेडुतांचं कंट्री संगीत एकत्र आलं आणि १९५० च्या दशकात हा नवा ठेका जन्मला. चक बेरी, लिटल रिचर्ड, एल्विस प्रेस्ली ही त्यातली मोठी नावं. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत तो ठेका वाजवणारे पुष्कळ वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्याहून मुंबईला जाणारी आगगाडी आपल्या कॅसलरॉकवरूनच घाट चढून येत असे. म्हणजे या संगीताचा आपल्या तालुक्याशी अगदीच संबंध नाही असं नाही!

त्या रात्री काय झालं

१९५९ च्या जानेवारीत काही तरुण गायक-वादक एका बसमधून दौऱ्यावर निघाले. २४ दिवसांत २४ गावं. आखणी अशी अजब की आज बेळगाव, उद्या कारवार, परवा विजापूर आणि तेरवा परत गोवा. त्यात बसमधला हीटर बिघडलेला. ड्रम वाजवणाऱ्या मुलाचे पाय थंडीनं इतके गारठले की त्याला इस्पितळात ठेवावं लागलं.

या मंडळींत सर्वांत नावाजलेला बडी हॉली. चष्मेवाला, टेक्ससचा, वय २२, लग्नाला सहा महिनेही झालेले नव्हते. त्याच्या 'क्रिकेट्स' या वाद्यवृंदाच्या नावावरून पुढे 'बीटल्स'ना आपलं नाव सुचलं म्हणतात. दुसरा रिची व्हॅलेन्स, अवघा १७ वर्षांचा. त्याचं घराणं मूळचं मेक्सिकन, पण तो वाढला इंग्रजीत. तरीही 'ला बाम्बा' हे मेक्सिकोचं लोकगीत त्यानं स्पॅनिशमधूनच गायलं आणि ते साऱ्या अमेरिकेनं डोक्यावर घेतलं. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हे आपल्या सीमाभागातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. तिसरा जे. पी. रिचर्डसन, वय २८. रेडिओवरचा निवेदक, 'बिग बॉपर' या टोपणनावानं गाणारा.

क्लिअर लेकचा कार्यक्रम मूळ आखणीत नव्हताच, ऐनवेळी ठरला. २ फेब्रुवारीला, सोमवारी रात्री, गावातल्या 'सर्फ बॉलरूम' या नाचाच्या हॉलमध्ये हजाराहून अधिक पोरं-पोरी जमली. तिकीट सव्वा डॉलर. कार्यक्रम झकास झाला. पुढचा मुक्काम मिनेसोटातलं मूरहेड गाव. पुन्हा त्या गारठलेल्या बसमध्ये बसायला नको, चार तास झोप मिळेल आणि कपडेही धुऊन होतील, म्हणून हॉलीनं शेजारच्या मेसन सिटीहून छोटं विमान ठरवलं. त्याच्या साथीदारांपैकी वेलन जेनिंग्जनं तापानं फणफणलेल्या रिचर्डसनला आपली जागा दिली. टॉमी ऑलसप आणि रिची यांनी नाणं उडवलं, त्यात रिची जिंकला. मध्यरात्रीनंतर, एकच्या सुमारास विमान उडालं आणि काही मिनिटांतच मक्याच्या शेतात कोसळलं. सकाळ होईपर्यंत कुणाला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मूरहेडचा कार्यक्रम मात्र रद्द झाला नाही. फार्गोच्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं आपल्या मित्रांसह उभं राहून वेळ मारून नेली. बॉबी व्ही या नावानं तो मुलगा पुढे मोठा गायक झाला. १९७१ साली डॉन मॅक्लीनच्या 'अमेरिकन पाय' या गाण्यात हा दिवस आला आणि जगभरच्या लोकांना ठाऊक झाला.

शेतातली खूण

आम्ही आधी त्या शेताकडे गेलो. गावाच्या उत्तरेला, मुख्य रस्ता सोडून कच्च्या रस्त्यानं जावं लागतं. जवळ देऊळ नाही, फाटक नाही. रस्त्याच्या कडेला काळ्या फ्रेमचा माणसाहून मोठा चष्मा उभा आहे, तीच खूण. तिथून कुंपणाच्या कडेकडेनं चालत जायचं. शेत खाजगी मालकीचं, पण येणाऱ्याला कुणी अडवत नाही. आई गाडीतच बसली. मी आणि जावई निम्म्या वितळलेल्या बर्फातून पाय ओढत गेलो.

विमान पडलं त्या जागी स्टीलची गिटार आणि तीन तबकड्या आहेत. १९८८ साली विस्कॉन्सिनच्या एका चाहत्यानं त्या स्वतः बनवून बसवल्या. भोवती लोकांनी ठेवलेली फुलं, नाणी, स्वस्तातले चष्मे. मी तबकड्या मोजल्या. तीनच. गेली तर चार माणसं होती!

चौथा म्हणजे वैमानिक रॉजर पीटरसन, वय २१. याच भागात नोकरी करणारा, नुकताच संसार मांडलेला. नुसत्या उपकरणांच्या भरवशावर अंधारात विमान चालवण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता, आणि बिघडत्या हवामानाचे इशारे त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. चौकशीत ठपका त्याच्यावर आला. चाहते गायकांसाठी रडले. या पोराच्या आईबापांनी मात्र दुःख आणि दोष दोन्ही सोसले. त्याच्या नावाची खूण शेतात लागली ती २००९ साली, तब्बल ५० वर्षांनी. पण लागली. परतताना मी जावयांना म्हटलं, इथं येऊन मला सर्वांत मोठी वाटली ती हीच गोष्ट.

बडी हॉलीच्या चष्म्याचीही कथा आहे. तो बर्फात हरवला होता. वसंतात बर्फ वितळल्यावर सापडला आणि सरकारी पाकिटात बंद होऊन कचेरीच्या दप्तरात पडला. २१ वर्षांनी, १९८० साली, तिथल्या शेरीफच्या हाती ते पाकीट लागलं आणि चष्मा त्याच्या पत्नीकडे गेला. सरकारी दप्तर तिथलंही आपल्यासारखंच म्हणायचं!

नाचतं घर

संध्याकाळी सर्फ बॉलरूममध्ये पाऊल ठेवलं आणि आई दारातच थबकली. बाहेर गोठलेलं तळं आणि आत समुद्रकिनारा! भिंतींवर ताडामाडाची चित्रं, छतावर दिव्यांच्या करामतीनं सरकणारे ढग. मधोमध लाकडी फरशीचा चौक आणि कडेनं बसायची बाकं. मूळ हॉल १९३३ चा. १९४७ साली तो जळाला. पुढच्याच वर्षी रस्त्यापलीकडे नवा बांधला, तोच हा. आत आलात की तो टेलिफोनही दिसतो, ज्याच्यावरून हॉली त्या रात्री पत्नीशी शेवटचं बोलला.

हॉल म्हातारा झाला, काळ बदलला, नाचाचे हॉल देशभर बंद पडत गेले. इथं मात्र अपघाताला वीस वर्षं झाली तेव्हा, १९७९ साली, एका स्थानिक रेडिओ निवेदकानं पुढाकार घेऊन आठवणीचा कार्यक्रम केला आणि त्याची प्रथाच पडली. १९९४ साली एका स्थानिक कुटुंबानं हॉल विकत घेऊन पूर्वीसारखा केला. २००८ पासून तो एक ना-नफा संस्था चालवते. २०२१ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आणि हे सगळं कुठल्या महानगरात नव्हे, जेमतेम पावणेआठ हजार वस्तीच्या गावात.

वाद्यं सुरू झाली आणि फरशी भरून गेली. सत्तरीतली जोडपी हातात हात घालून गिरक्या घेत होती. काही बायकांनी जुन्या फॅशनचे घेरदार झगे घातले होते. नातवंडं आजीआजोबांकडून पावलं शिकत होती. आईनं बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाली, "मेलेल्यांच्या दिवशी ही माणसं नाचतायत गं."

मी म्हटलं, "ती मुलं गेली त्या रात्री इथं नाचच तर चालला होता. तेवढाच धागा ते धरून आहेत."

आई गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांची फरशी तरी राहिली."

आमचं सुपं

त्या एका वाक्यानं मी क्लिअर लेकहून थेट काळी नदीच्या काठी आले. माझं आजोळ जुन्या सुप्याचं. आज आपण जोयडा तालुका म्हणतो, तो पूर्वी सुपा तालुका होता. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेलं ते गाव १९८० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं. १०१ मीटर उंचीचं ते धरण बघायला आज पर्यटक येतात, फोटो काढतात. कन्नडमध्ये 'मुळुगडे' म्हणतात तो एकच शब्द गावाच्या वाट्याला उरला. बरीच मंडळी रामनगरला वसवली गेली, बाकीची पांगली. आजोबांचं किराणा दुकान, आईची शाळा, लग्नाचा मांडव पडला ते अंगण, सगळं तळाशी. मी तेव्हा इतकी लहान होते की मला नीट आठवतही नाही. गणेशगुडीवरून जाताना आई पाण्याकडे बोट दाखवते, "त्या तिथं." मला नुसतं पाणी दिसतं.

क्लिअर लेकनं मला एक गोष्ट दाखवली. आठवण दगडात कोरून ठेवली की ती दगडातच राहते. वर्षातून एकदा माणसं जमून तीच गोष्ट पुन्हा करतात, तेव्हाच ती नातवंडांपर्यंत जाते. उळवीच्या वाटेवरच्या चक्कडी गाड्यांनाही हे ठाऊक आहे. बैलगाडीची गरज संपली तरी लोक गाडी जुंपून निघतात, ते यासाठीच.

आमच्याजवळ फरशी नाही हे खरं. पण थंडीतला एक शनिवार-रविवार तर आहे. रामनगरला जुन्या सुप्याच्या माणसांनी एकत्र बसावं. मोठ्या कागदावर आठवेल तसा गावाचा नकाशा काढावा, कुठली गल्ली, कुठला घाट, कुणाचं दुकान. मराठी, कोकणी, कन्नड, ज्या भाषेत आठवेल त्या भाषेत सांगावं. तेव्हाची लग्नातली गाणी म्हणावीत, तेव्हाचं जेवण रांधावं. सिद्दी बांधवांचा दमाम वाजला तर फारच उत्तम. आणि ज्यांची नावं पहाणीवर नव्हती, म्हणून जे नुकसानभरपाईच्या यादीतही आले नाहीत, त्या कुळांना आणि मजुरांना आवर्जून बोलवावं. त्यांच्यासाठी ५० वर्षं थांबू नये.

गाव उठलं तेव्हा जे वीस-पंचवीस वर्षांचे होते, ते आता साठी-सत्तरीत आहेत. आईनं आपल्या गल्लीतल्या घरांची यादी वहीत लिहायला घेतली आहे. सतरा घरं झाली. अठराव्या घरातल्या माणसांची नावं तिला आठवत नाहीत. वाचकांपैकी कुणाला आठवत असतील तर जरूर कळवा.