मुरबाडचा रस्ता, समृद्धीचा रस्ता

रविवार, 9 नोव्हेंबर 2025, शहापूर

इलेक्ट्रिक गाडीने समृद्धी महामार्गावरून सिन्नरच्या बाजूला जाऊन आलो. जूनमध्ये इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमच्या तालुक्याला असा मोकळा रस्ता मिळाला. इगतपुरीजवळच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून वर निघालं की पुढे सपाटी, आणि तिथे 120 ची मुभा. काटा तिथवर नेला तसा बॅटरीचा टक्का भराभर उतरू लागला. 80 वर आलो, तर लगेच सावरला. गाडी तीच, रस्ता तोच. टायरांचं घर्षण वेगाने फारसं बदलत नाही. वाढतो तो हवेचा रेटा. 80 चे 120 केले, म्हणजे वेग दीडपट झाला, की हा रेटा सव्वादोनपट होतो.

मंगळवार, 11 नोव्हेंबर, मुरबाड

किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला आलो. भातकापणी उरकत आली आहे. भाऱ्यांनी लादलेले ट्रॅक्टर, कडेला वाळत घातलेलं भात, वळणं, गतिरोधक. चाळीस-पन्नासच्या पुढे जायला वावच नाही. गतिरोधक दिसला की पाय उचलायचा. मग मोटरच जनित्राचं काम करते, पडद्यावरची पट्टी उलटी सरकते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. पेट्रोलच्या गाडीत वेगाची ही ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. शिवाय रेंगाळत्या वेगात इंजिनही इंधन फुकट जाळतं. म्हणून तिला हायवे मानवतो आणि हिला हा रस्ता.

सरळगावच्या नाक्यावर चहा घेताना नेहमीचा प्रश्न आला, "सर, ॲव्हरेज काय पडतं?"

"दादा, कितीच्या स्पीडला?" मी विचारलं.

विचारणारा बघतच राहिला, पण वेग सांगितल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही. कागदावरची रेंज ज्या भारतीय चाचणीतून येते, तिच्यात गाडी 90 च्या वर जात नाही. बराच वेळ तर 50 च्या आतच असते. 30.2 युनिटच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीला 312 किलोमीटर मिळाले ते याच चाचणीत. तो आकडा खोटा नाही. मुरबाडच्या रस्त्याला तो जवळचा आहे, समृद्धीला नाही.

बुधवार, 12 नोव्हेंबर

फार हळू जाण्यातही फायदा नाही. एसी तासाला साधारण युनिटभर वीज खातो, गाडी हलो वा न हलो. 20 ने रांगलं तर किलोमीटरमागे त्याचा खर्च 80 च्या चौपट.

शनिवार, 15 नोव्हेंबर, शहापूर

आज वहीत हिशेब मांडला. दीड टनाची गाडी, सपाट रस्ता. किलोमीटरला 80 च्या वेगाने सुमारे 125 वॅट-तास, 100 ने 160, 120 ने 205. शंभर किलोमीटरच्या प्रवासात 100 ऐवजी 120 ने गेलं तर दहा मिनिटं वाचतात, पण साडेचार युनिट जास्त जातात. 25 किलोवॅटच्या चार्जरवर तेवढी वीज भरायला अकरा मिनिटं लागतात. वाटेत चार्जिंगला थांबायचंच असेल, तर ती घाई वायाच.

गाडी विकणाऱ्यांनी रेंजचा एकच आकडा न सांगता 50, 80, 100 आणि 120 च्या वेगाचे चार आकडे शोरूममध्ये लावावेत. आणि घेणाऱ्यांनी ते मागून घ्यावेत.