शेल्टच्या काठचे अँटवर्प : पाहावे काय, बसावे कोठे?

बेल्जियममधील अँटवर्पचे नाव हिऱ्यांच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांना नवे नाही. मुंबई-सुरतेच्या अनेक पेढ्यांची माणसे तेथे ये-जा करतात. काहींची बिऱ्हाडेच तेथे आहेत. तरीही कामानिमित्त जाणाऱ्याला हे शहर बहुधा रेल्वे स्थानकापासून हिऱ्यांच्या गल्लीपर्यंतच ठाऊक असते. ज्या नदीने अँटवर्प घडवले, ती शेल्ट तेथून अर्ध्या तासाच्या चालीवर वाहते आणि जुने शहर तिच्याच काठी वसले आहे.

नदी आणि जकात

शेल्ट येथून सुमारे ८० किलोमीटरवर समुद्राला मिळते. पण भरती शहरापर्यंत पोहोचते आणि दिवसातून दोनदा पाणी उलटे वाहू लागते. नगरभवनासमोरच्या ग्रोटे मार्कट चौकातील कारंज्यावर या नदीची दंतकथा कोरली आहे. अँटिगोन नावाचा राक्षस नदीतून जाणाऱ्या नावाड्यांकडून जकात घेई व न देणाऱ्याचा हात तोडी. ब्राबो नावाच्या रोमन वीराने त्याचाच हात तोडून नदीत भिरकावला, अशी ती कथा. १८८७ सालच्या या शिल्पात ब्राबो हात फेकण्याच्या आविर्भावात उभा आहे.

इतिहासातील जकात याहून जड गेली. सोळाव्या शतकात अँटवर्प हे युरोपातील अग्रगण्य व्यापारी शहर होते. १५८५ मध्ये ते स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले, आणि उत्तरेकडील डचांनी नदीचे मुख अडवले. व्यापारी, कारागीर, भांडवल सारे अ‍ॅमस्टरडॅमकडे सरकले. १६४८ च्या तहाने ही नाकेबंदी कायम केली. नदी पुन्हा मोकळी झाली ती १७९५ मध्ये. पुढे डचांनी बसवलेली जकातही बेल्जियमने १८६३ मध्ये एकरकमी मोबदला देऊन संपवली. मार्निक्सप्लाट्स या चौकात मुक्त शेल्टचे स्मारक आहे. ते व्यापारी घरातील मुलांना अवश्य दाखवावे. वाट बंद झाली की पेठ कशी ओस पडते, हे त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा तेथे लवकर कळेल.

पाहण्यासारखे

१९०५ मध्ये पूर्ण झालेले मध्यवर्ती रेल्वे स्थानक आपल्या भव्य घुमटासाठी प्रसिद्ध आहे. तेथून नदीकडे जाताना जुना व्यापार-बाजार, म्हणजे हान्डेल्सबुर्स, वाटेजवळच लागतो. १५३१ मध्ये येथे बाजाराची वास्तू उभी राहिली आणि लंडनच्या रॉयल एक्स्चेंजने तिचाच आदर्श घेतला. कोणत्याही देशाच्या व भाषेच्या व्यापाऱ्यांसाठी ही वास्तू आहे, असा लेख तिच्यावर होता. ती १८५८ मध्ये जळाली. आजची इमारत १८७२ ची असून दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये पुन्हा खुली झाली.

सवड एकाच संग्रहालयापुरती असेल, तर प्लान्टिन-मोरेटस निवडावे. सोळाव्या शतकात स्थापन झालेल्या मुद्रणसंस्थेचे हे घर आणि कारखाना आज जागतिक वारसा आहे. जगातील सर्वांत जुने दोन छापखान्याचे दाब येथे आहेत. व्यापारी माणसाचे मन मात्र अधिक रमते ते संस्थेच्या दप्तराच्या कथेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबवह्या व पत्रव्यवहार येथे टिकून राहिला आणि युनेस्कोने त्यालाही जागतिक स्मृतीच्या यादीत स्थान दिले. घराण्याचे चिन्ह कंपासाचे : एक पाय फिरणारा, तो श्रमाचा; दुसरा रोवलेला, तो निष्ठेचा.

१२३ मीटर उंच मनोऱ्याचे कॅथीड्रल आणि त्यातील रूबेन्सची भव्य चित्रे सर्वांना माहीत असतात. त्यामानाने नदीखालचा सेंट अ‍ॅना बोगदा दुर्लक्षित राहतो. १९३३ साली खुला झालेला, ५७२ मीटर लांबीचा हा बोगदा पादचारी व सायकलस्वारांसाठी आहे. जुन्या लाकडी सरकत्या जिन्यांनी खाली उतरावे, पलीकडच्या तीरावर निघावे आणि मागे वळून शहर पाहावे. यासाठी पैसा लागत नाही. बंदराच्या बाजूला २०११ मध्ये उघडलेल्या मास संग्रहालयाच्या गच्चीवरही विनामूल्य जाता येते.

हिऱ्यांची गल्ली आणि विलराइकचे मंदिर

स्थानकालगतच्या होव्हेनिअर्सस्ट्राट व आसपासच्या गल्ल्यांत हिऱ्यांचे व्यवहार चालतात. बाहेरून इमारती साध्या आहेत. मोठ्या किमतीचे सौदे मात्र आजही हस्तांदोलन आणि ‘मझल’ या एका शब्दावर पक्के होतात. हा शब्द ज्यू व्यापाऱ्यांचा; आज पालनपुरी जैन व्यापारीही तोच उच्चारतात. शनिवारी ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी गल्ली शांत असते. शहराच्या विलराइक या उपनगरात शंखेश्वर पार्श्वनाथांचे शुभ्र संगमरवरी जैन मंदिर आहे. त्याचे नक्षीकाम भारतात घडवून तेथे जोडण्यात आले. जाण्यापूर्वी दर्शनाच्या वेळा विचारून घ्याव्यात.

संध्याकाळ कोठे घालवावी?

अँटवर्पची संध्याकाळ म्हणजे पब, ज्याला तेथे कॅफे म्हणतात. गडद लाकडी भिंती व मंद दिवे असलेल्या जुन्या कॅफेंना ‘तपकिरी कॅफे’ असे नाव पडले आहे. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. शहरातील द कोनिंक ही मद्यशाळा आणि तिचा गोल ‘बोलेके’ पेला ही तर अँटवर्पची खूणच. प्रथमच परदेशी गेलेल्या तरुणाच्या कानावर येथे एक वाक्य हमखास पडते : पेला हाती घेतल्याशिवाय संबंध जुळत नाहीत. घरापासून दूर, नवी ओळख जपण्याच्या ओढीत, हे वाक्य खरे वाटू लागते.

त्याला उत्तर त्याच गल्लीत आहे. कोशर आहाराचे कडक नियम पाळणारे ज्यू व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या या शहरात वावरले; परक्या ताटाला त्यांनी नम्रपणे नकार दिला, आणि तरीही त्यांच्या एका शब्दावर हिरे हातोहात फिरले. ‘हे आम्हांला चालत नाही’ हे वाक्य अँटवर्पला नवे नाही. ते उशिरा व संकोचाने सांगितले, तर यजमान अवघडतो. बसतानाच हसतमुखाने सांगितले, तर विषय तेथेच संपतो.

कॅफेत बसणे अनेक कुटुंबांना मुळातच रुचणार नाही, आणि त्यांनी व्यापारी मित्राला दुपारच्या शाकाहारी भोजनाला बोलावणे उत्तम. ज्यांना बसावे लागते, त्यांनी जागा निवडून बसावे. ग्रोटे मार्कटवरील ‘डेन एंगल’मध्ये गावकरी व पाहुणे दोघेही येतात. कॅथीड्रलजवळचे ‘हेट एल्फ्डे खेबॉड’, म्हणजे ‘अकरावी आज्ञा’, संतांच्या मूर्तींनी भरलेले आहे. कॉफी, ताज्या पुदिन्याचा चहा वा बुडबुड्यांचे पाणी मागवले, तर कोणी वावगे मानत नाही. पुदिन्याच्या चहासोबत बहुधा मध येतो, तो आधीच नको म्हणावा. एकाने सर्वांसाठी मागवण्याची पद्धत तेथे आहे. आपली पाळी आली की मद्याचे पैसे द्यावेत काय, हा प्रश्न उठतो. तो टाळायचा, तर आपल्या पेयाचा हिशेब आरंभीच वेगळा ठेवावा.

खाण्याबाबतही जपावे लागते. बेल्जियन फ्राइज परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात. म्हणून बटाटा खाणाऱ्यांनीही तेलाची चौकशी करावी. हाताच्या आकाराची ‘हान्डयेस’ बिस्किटे शहराची भेट म्हणून सर्वत्र मिळतात. त्यांत अंडे असते. त्याच आकाराच्या काही चॉकलेटांत मद्यार्क भरलेला असतो. वेष्टनावरील घटकांची यादी वाचूनच खरेदी करावी.

चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतूचे भान ठेवावे. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरमध्ये पाचच्या आतच. म्हणून हिवाळ्यात भेटी दुपारी ठरवाव्यात. उन्हाळ्यात मात्र आणखी एक सुंदर पर्याय आहे. कॅथीड्रलजवळ, १५९१ पासूनची ‘व्लायकेन्सगांग’ नावाची अरुंद गल्ली आहे. उन्हाळ्यातील सोमवारी संध्याकाळी कॅथीड्रलच्या घंटांचे वादन होते, आणि ते ऐकायला माणसे या गल्लीत येऊन शांत बसतात. परदेशी स्नेह्याला घेऊन तेथे जावे. तास-दोन तास बरोबर काढता येतात, बोलणे होते, आणि कोणापुढेही पेला ठेवावा लागत नाही.