न बोलणाऱ्या लेकराचे बोलणे

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता आहे. ‘आई’ आणि ‘दे’ एवढे दोनच शब्द त्याला येतात. त्रास झाला की तो स्वतःचा हात चावतो, भिंतीवर डोके आपटतो. “बाहेरचे लागले आहे, बाबाकडे न्या,” असे सांगणारे आमच्या ओझरमध्येही भेटतात. कोणी म्हणते, “गेल्या जन्मीचे भोग!”

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे उत्तर चालणार नाही. गेल्या जन्मीच्या कर्माची कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. दुःखाला कारण असते व ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण. आम्ही कारण शोधायला लागलो.

डॉक्टरांनी आधी कान, दात आणि पोट तपासले. ज्याला ‘दुखते’ म्हणता येत नाही, त्याचे दुखणे असेच बाहेर पडते. मग विशेष शिक्षिकेने वही घालायला सांगितली. आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर घरच्यांनी काय केले, एवढेच रोज लिहायचे. पंधरा दिवसांत उलगडा झाला. डोक्यावरून विमान गेले किंवा कुकरची शिटी झाली की तो हात चावायचा. भूक लागली की डोके आपटायचा.

आता आवाज आला की तो कानांवर हात ठेवतो, आम्ही त्याला आतल्या खोलीत नेतो. बिस्किटाचे व पाण्याचे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवले आहे. चित्र हातात दिले की वस्तू लगेच मिळते. घरातले सगळे, आजीसुद्धा, हाच नियम पाळतात. अमेरिकेतील कार व ड्युरँड या संशोधकांनी १९८५ साली हेच दाखवले होते. मागण्याची सोपी रीत मिळाली की मारणे-ओरडणे कमी होते. चावणे पूर्ण थांबलेले नाही, पण पुष्कळ कमी झाले आहे.

काही मुलांना औषधही लागते. पण चिडचिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी झोप व वजन वाढू शकते, म्हणून त्या मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच द्याव्यात. मार, चटके, कोंडून ठेवणे हा इलाज नव्हे.

नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली अशा मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेलाही अपंगत्व मानले आहे. तेव्हा भगिनींनो, प्रमाणपत्र काढा, मुलाला घरात लपवू नका. शिक्षणाचा हक्क बाबासाहेबांनी आपल्याला मिळवून दिला. जे लेकरू तो तोंडाने मागू शकत नाही, त्याच्यासाठी आपण मागायचा.

जयभीम!