बाराव्या मैलापलीकडे

कडकोळला समुद्राची आठवण व्हावी असे काही नाही. म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. पण माड आहेत, आणि बदलीवर आलेल्या कोकण्याला तेवढे पुरते.

गेल्या महिन्यात मालवणहून काकांचा फोन आला. जन्मभर रापण ओढलेला हा माणूस प्रकृतीविषयी दोन शब्दही न बोलता म्हणाला, "बाबा, तू सरकारी माणूस. समुद्राची हद्द फुडे सारूची तर मत खंय देवचा?"

प्रश्नाचे मूळ माझ्या ध्यानी आले. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. पेडण्याच्या माझ्या आत्याने फुलावर, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूने, शिक्का मारला होता; कौल ३४,०२१ मतांनी दोन पानांकडे गेला. घरात त्याची हळहळ अजून ऐकू येते. तेव्हा हद्दी मतांनी ठरतात, हे काकांना स्वयंसिद्ध वाटते!

गंमत अशी की, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारताची सागरी हद्द सहा मैलांवरून बारांवर गेली ती राष्ट्रपतींच्या उद्घोषणेने; १९५६ साली ती सहा झाली, तीही तशीच. पुढे १९७६ च्या कायद्याने दोनशे सागरी मैलांचे आर्थिक क्षेत्र आले. कोळ्याला कोणी विचारले नाही. बरे, राज्याच्या मासेमारी कायद्याचा अंमल बारा मैलांपर्यंतच. पलीकडची मासेमारी केंद्राच्या अखत्यारीतली. तेथे दिवे लावून मासे गोळा करण्यास २०१७ पासून बंदी आहे खरी, पण काकांच्या म्हणण्याप्रमाणे रात्री क्षितिज उजळलेलेच असते. किनाऱ्याकडे येणारा थवा बाहेरच उचलला जातो, आणि तक्रार नेली की "हे आमच्या हद्दीत नाही," असे उत्तर मिळते. चुलतभावाने रापणीतला आपला वाटा विकायला काढला आहे.

ते उत्तर मला परके वाटले नाही. टेबलामागे बसून तेच वाक्य मी स्वतः किती वेळा उच्चारले असेन! आपल्या वाचकांपैकी अनेकांनी उच्चारले असेल.

अशा प्रश्नावर आपल्याकडे मतदान नसते, असे मी काकांना सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"मगे गोंयकारांक कित्याक इचारल्यांनी?" काका म्हणाले, आणि फोन आत्याच्या हाती दिला.